भट्टी निजायच्या आधी

मार्गशीर्ष निम्मा झाला तरी कोंडू वाडीतच होता, आणि कातकऱ्याला हे शोभत नाही. भाताची झोडणी उरकली की त्या वाडीत कुत्रंसुद्धा मागं राहत नाही. दाराला काटेरी फांदी लावायची, गाडगी-मडकी टोपल्यात भरायची, कोंबड्या काखेत मारायच्या आणि मुकादम दाखवील त्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावायला जायचं. ते परत यायचं आभाळ भरून आल्यावर. विसापूरच्या पायथ्याची ती बारा घरांची वाडी. अकरा घरं पंधरा दिवसांमागंच तिकोणा पेठेच्या अंगाला गेली होती. तिकडं धरण होणार होतं, आणि पाण्याखाली जाणारं रान आधी तोडून त्याचा कोळसा करून घ्यायचं काम निघालं होतं. बारावं घर कोंडूचं. ते एका शाळेपायी अडून बसलं होतं.

"आपुन हितं बसू, आनि तितं हौशीराम मुकादम आपली जागा दुसऱ्याला देऊन मोकळा हुईल," पुतळाबाई भाकर थापता थापता म्हणायची. पुतळाबाई म्हणजे कोंडूची बायको. हे ती दिवसातून दहादा म्हणायची. "मग लाव भट्टी शाळंच्या कौलावर."

"शनवारपातूर," कोंडू म्हणायचा. "शनवारी भट्टी उगडली का ऐतवारी निगालो आपुन."

"आनि पोर?"

"पोरीसाटीच तर चाललंय समदं."

पोर म्हणजे बाया. वय तेरा-चौदा, आठवीत. त्या वाडीतून आठवीपर्यंत पोचलेलं ते पहिलं माणूस, आणि ते काही कुणाच्या मेहरबानीनं झालं नव्हतं. दरवर्षी आईबाप रानात गेले की कोंडूची म्हातारी मागं राहायची, नातीला ताकभाकर घालायची आणि शाळेत हाकलायची. म्हातारी श्रावणात गेली. आता पोरीला मागं ठेवायची कुणाच्या जिवावर? रानात नेली की शाळा तुटली. मग वर्षा-दोन वर्षांत लगीन, आणि पुढं ती कुणाच्या तरी भट्टीवर मातीची घमेली वाहणार. एकच वाट होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेचं तळेगावात मुलींचं वसतिगृह होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी मनात आणलं तर तिथं एक जागा मिळणार होती.

ही वाट दाखवली नूरमहंमद मास्तरांनी. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. रोज लोणावळ्याहून लोकलनं मळवलीला उतरायचे आणि शाळेपर्यंत चालत यायचे. दोन वर्षं झाली तरी नोकरी कच्चीच होती, कायमची ऑर्डर अध्यक्षांच्या सहीवर अडली होती. कार्तिकात ते स्वतः वाडीत आले, अंगणात खाली बसले आणि पुतळाबाईनं लोटक्यात दिलेलं पाणी प्यायले. वाडीत पाणी पिणारा मास्तर कुणी पाहिला नव्हता. कोंडूला ते पाणी जन्मभर पुरलं असतं.

"कोंडूभाऊ, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे," मास्तर म्हणाले. "अध्यक्ष येणार आहेत. बाया म्हणते, तुम्ही लाकूड जळू न देता जाळता."

कोंडूला हसू आलं. "त्यात काय दावायचं, मास्तर? कोळसाच त्यो."

"तेच दाखवायचं. पुस्तकात चार ओळी आहेत. लाकूड हवेशिवाय तापवलं तर त्याची राख होत नाही, कोळसा होतो. पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात. बघितलंय कुणी? खरं सांगू, मीही नाही बघितलं." मास्तर थांबले. "बाया समजावून सांगेल. एवढं अध्यक्षांनी ऐकलं तर वसतिगृहाचं मी बोलतो."

शिकलेला माणूस 'मी बघितलं नाही' म्हणतो, याचंच कोंडूला अप्रूप वाटलं. तो बरं म्हणाला.

मग कामाला लागला. डोंगरातून ऐनाच्या, धावड्याच्या वाळक्या लाकडांच्या सात मोळ्या त्यानं डोक्यावरून आणल्या. उतारावर पुतळाबाई मागून यायची, तोंडानं शिव्या आणि डोक्यावर मोळी. शाळेच्या मागं, मैदानाच्या कोपऱ्यात जागा ठरली. हेडमास्तर बघायला आले. अंगात कोट, हातात छडी, पायात करकरणारे बूट.

"मैदान खराब करू नकोस," ते म्हणाले. "आणि हौदात हात घालायचा नाही. पाणी लागलं तर शिपायाला सांग, तो वरून ओतेल."

"व्हय जी," कोंडू म्हणाला.

त्यानं जमीन सपाट केली. मधे एक बांबू उभा केला, त्याच्याभोवती लाकडाची खांडकी उभी लावली, जाड आत, बारीक बाहेर. फटीत काटक्या ठोकून बसवल्या. हे काम घाईचं नाही. आत फट राहिली की हवा शिरते, आणि हवा शिरली की मेहनत राख झाली. कोंडूची बोटं बघता बघता फट शोधायची. डोळ्यांनी बघायची गरजच नसायची त्याला.

एके सकाळी थंडी मरणाची होती. इंद्रायणीच्या अंगानं धुकं यायचं आणि मैदानावर बसून राहायचं. मास्तर वर्गातून बाहेर आले.

"कोंडूभाऊ, तुमचं फावडं जरा द्या."

कोंडूनं दिलं आणि खिडकीखालीच काम करत राहिला. आतलं सगळं ऐकू येत होतं. मास्तरांनी फावडं बाकावर ठेवलं आणि एकेका पोराला हात लावायला सांगितलं, आधी लोखंडाला, मग दांड्याला.

"जास्त गार काय?"

"लोखंड," सगळी पोरं म्हणाली. कोंडूही खिडकीखाली मनात म्हणाला, लोखंड. हे काय विचारणं झालं?

मास्तरांनी थर्मामीटर दोन्हीला लावून धरला. "वाच गं, बाया."

बाया वाचत होती. मग तिचा आवाज अडखळला. "दोनी सारकंच हाय, मास्तर. तेरा. दोनी तेरा."

"म्हणजे हात खोटं बोलतो?" मास्तरांनी विचारलं. "नाही. हाताला किती गार ते कळत नाही. हातातली ऊब किती लवकर निघून जाते, ते कळतं. लोखंड ती झपकन ओढतं, लाकूड सावकाश. उष्णता गरमाकडून गाराकडे जाते. तिला उलटं जायला सांगा, ती आपणहून कधी जात नाही."

खिडकीखाली कोंडूनं आपला हात उलटासुलटा करून बघितला. तीस वर्षं या हाताच्या भरवशावर त्यानं भट्ट्या उघडल्या होत्या. हात खोटा नाही, हे ऐकून त्याला बरं वाटलं.

रविवारी भट्टी पेटवायची होती. खांडक्यांवर हिरवा पाला, त्यावर ओली माती थापून भट्टी तयार झाली, पुरुषभर उंच. बुडाशी चार बोटांची भोकं ठेवली होती. पेटवायच्या आधी कोंडूनं रीतीप्रमाणं चार तांदूळ टाकले आणि भट्टीच्या तोंडाला कुंकू लावलं. बाप लावायचा, आजा लावायचा. आगीच्या पोटात हात घालायचा म्हणजे तिला आधी विचारावं लागतं.

हेडमास्तर रविवार असूनही आले होते. "हे काय थोतांड?" ते म्हणाले. "विज्ञानाचं प्रदर्शन आहे की जत्रा? पुसून टाक ते."

मास्तर पुढं झाले. "सर, राहू द्या. त्यांची रीत आहे."

"मास्तर, तुम्ही रीती नका सांगू," हेडमास्तर म्हणाले, आणि का कुणास ठाऊक, 'तुम्ही'वर जोर दिला. मास्तर दोन पावलं मागं सरले.

कोंडूनं अंगठ्यानं कुंकू पुसलं. बाया शेजारी उभी होती. तिनं बापाच्या अंगठ्याकडं बघितलं, मग बापाकडं. त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि बांबू ओढून काढून त्या भोकात विस्तव सोडला.

दोन दिवस भट्टी चालली. कोंडूनं तिथंच मुक्काम ठोकला. पहिला दिवसभर पांढरा ढगासारखा धूर आला, लाकडातलं पाणी निघून गेलं. मग धूर पिवळा झाला, डोळ्यांत झोंबायला लागला. भट्टी एका अंगानं खचली की तो लगेच ओली माती थापायचा, एखादं भोक बुजवायचा, दुसरं पाडायचा. बारक्या पोरांना खेळ झाला होता. ती सुटीत येऊन खोकत उभी राहायची. मंगळवारी सकाळी धूर निळा आणि पातळ झाला, आणि कोंडूनं सगळी भोकं बंद केली. आता करायचं काहीच नव्हतं. आता नुसतं थांबायचं.

हा थांबायचा काळ फार चांगला गेला. तसा काळ कोंडूच्या आयुष्यात पुन्हा आला नाही, म्हणून सांगायचं. मास्तरांनी बायाला थर्मामीटर दिला होता आणि एक वही. भट्टीच्या पाठीवर मातीत बोटभर भोक पाडायचं, त्यात थर्मामीटर धरायचा, पारा थांबेपर्यंत थांबायचं आणि आकडा लिहायचा, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कोंडू आधी तळहात टेकवायचा.

"सकाळपरीस उतरली," तो म्हणायचा. "पर लय न्हाई."

बाया पारा थांबायची वाट बघायची. वेणी पुढं आलेली, ओठ घट्ट मिटलेले. "अठ्ठ्याहत्तर हुतं, एक्काहत्तर झालं."

"मंग, काय सांगितलं मी?"

"तुला आकडा कुटं सांगाय आला?"

"आकड्याचं काय, पोरी. आकड्यानं भाकर भाजती व्हय?"

मास्तर हे ऐकत उभे होते. "कोंडूभाऊ, उघडायची कधी हे कसं ओळखता?"

कोंडूनं जरा विचार केला. हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. "भट्टी निजली पायजे," तो म्हणाला. "निजली म्हंजी, हात टेकला का भट्टीची ऊब हाताला याची बंद हुती. उलट हाताचीच ऊब भट्टी वडून घेती. गार लागती ती. तवा उगडायची. त्याच्या आधी उगडली का पेटलीच."

मास्तर बघतच राहिले. मग बायाला म्हणाले, "हे लिहून घे. माझ्या दोन तासिका यांनी एका दमात सांगितल्या."

बायानं लिहून घेतलं. बाप बोलला ते लेक वहीत लिहिते, हे बघून कोंडूला कसंतरीच झालं. तो उगाचच भट्टीला फेरी मारायला गेला. आनंद झाला की तो असाच लपवायचा.

हिशेब ठरला होता. शनिवारी सकाळपर्यंत भट्टी निजणार. शनिवारी दहाला अध्यक्ष येणार. बाया वही हातात धरून सगळं सांगणार, मग कोंडू माती काढणार, आणि आतून निघणार लाकडंच्या लाकडं, पण काळी, हलकी, टणटणीत, वाजवली तर काचेसारखी वाजणारी.

गुरुवारी सकाळी कोंडू पेज पिऊन शाळेवर आला तर मैदानात पताका लावलेल्या. शिपाई चुन्याच्या रेघा मारत होता. बाया भट्टीपाशी वही छातीशी धरून उभी होती, आणि मास्तरांचा चेहरा उतरला होता.

"अध्यक्ष आजच येतायत," मास्तर म्हणाले. "शनिवारी त्यांना मुंबईला जायचंय. अकरा वाजता येतील."

कोंडूनं भट्टीवर तळहात टेकला. हात लगेच उचलावा लागला नाही, पण टेकून ठेवताही आला नाही.

"त्रेसष्ट," बाया म्हणाली.

"बंदच दावा," कोंडू म्हणाला. "शनवारी उगडू. कोळसा पाटवून देऊ त्यास्नी."

"मी सांगितलं हेडमास्तरांना. म्हणतात, मातीचा ढीग बघायला अध्यक्ष येत नाहीत. उघडायचीच." मास्तरांनी आवाज खाली आणला. "कोंडूभाऊ, माझं ते ऐकणार नाहीत. माझी ऑर्डर आज अध्यक्षांच्या हातात आहे. पण भट्टी तुमची आहे. तुम्ही ठाम नाही म्हणालात तर कुणाची हिंमत आहे फावडं लावायची? त्यातलं कळतं कुणाला?"

कोंडू मान हलवत राहिला. पण त्याच्या मनात आलं, मास्तर शिकलेले, पाटलोण घातलेले, आकडा त्यांच्यापाशी. बोलायचं तर त्यांनी बोलावं. आपण कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची गोष्ट. हा त्याच्याकडं बघत होता, तो ह्याच्याकडं.

अकरा वाजता अध्यक्ष आले. उंच, गोरे, परीटघडीचं धोतर, डोक्यावर टोपी. माणूस वाईट नव्हता. पोरांनी केलेली धरणाची मातीची प्रतिकृती त्यांनी वाकून बघितली, पाणी सोडलं की फिरणाऱ्या चाकाचं कौतुक केलं. मग सगळी मंडळी मागं आली. हेडमास्तर पुढं होऊन सांगू लागले, मध्येच घड्याळ बघू लागले. बायाला बोलायचं होतं ते सगळं हेडमास्तरच बोलले, आणि त्यातलंही निम्मं चुकीचं.

"हं, उघड," ते कोंडूला म्हणाले.

कोंडूनं फावडं उचललं. हात जागच्या जागी राहिले. "जी, निजली न्हाई अजून," तो पुटपुटला. पण इतक्या हळू की फावड्यालाच ऐकू आलं असेल.

"बा, नको उगडू." बाया मधे आली. वही उघडून तिनं अध्यक्षांसमोर धरली. "त्रेसष्ट अंश आहे, साहेब. आत तर लय जास्त आहे. उघडलं की प्राणवायू मिळेल आणि कोळसा पेटेल. शनिवारी निवेल. हे बघा, रोजचं लिहिलंय." तिनं पाठ केलेली शाळेतली भाषा लावली होती, एका 'लय'चा घोळ सोडला तर.

"तुला कुणी विचारलं?" हेडमास्तर म्हणाले. "मोठी माणसं बोलतात तिथं तोंड घालायचं नाही."

अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना गंमत वाटली असावी. ते वहीत डोकावले, मग कोंडूकडं वळले. "हिचा बाप ना तू? भट्टी तूच लावलीस. तूच सांग. उघडायला काही हरकत आहे का?"

बघा, सरळ विचारलं होतं. तोवर कुणा मोठ्या माणसानं विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी विचारलं. मास्तर कोंडूकडं बघत होते. बाया बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजी नव्हतीच, कारण उत्तर काय येणार हे तिला ठाऊक होतं. तीस वर्षांत बापानं कच्ची भट्टी उघडली नव्हती.

समोर टोपी, कोट, छडी. बापजाद्यांपासून अशा माणसांपुढं एकच शब्द तोंडातून येत आला होता, तोच आला.

"न्हाई जी," तो म्हणाला. "हरकत कसली. तुमी म्हनता तर उगडतो."

बायानं वही मिटली.

कोंडूनं फावडं मारलं. माती ढासळली, आणि आत काळीभोर खांडकी उभीच्या उभी दिसली. एक क्षण सगळं ठीक वाटलं. "झाला की कोळसा," कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच भट्टीनं वारा आत ओढला. काळ्यावर तांबडं चढत गेलं, निळ्या जिभा खालून वर सरकल्या, आणि मग सगळी भट्टी धडधडून पेटली. पोरं ओरडत मागं पळाली. टाळ्या मात्र वाढल्या, कारण मागच्यांना वाटलं प्रयोग हाच.

कोंडू भराभर माती टाकू लागला. अजूनही अर्धी वाचली असती. माती टाकून हवा तोडायची, एवढंच करायचं होतं. पण हेडमास्तर ओरडले, "पाणी, पाणी आणा." शिपायानं हौदातल्या दोन बादल्या थेट आगीवर ओतल्या. फस्सकन वाफ उठली आणि कोंडूच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत बसली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, इथं बंब माणसावरच आला. कोंडूनं ओठ चावला.

राख आणि चिखल, एवढं राहिलं. अध्यक्षांच्या धोतरावर दोन ठिणग्या पडल्या होत्या. हेडमास्तर रुमालानं ते झटकत होते.

"सर, हवा मिळाली म्हणूनच..." नूरमहंमद मास्तर बोलू लागले.

"मास्तर, नंतर," हेडमास्तर म्हणाले. आणि मास्तरांचं ते 'नंतर' आजतागायत आलं नाही.

"असू द्या, असू द्या," अध्यक्ष म्हणाले. "लाकडंच होती, मोठं नुकसान नाही. पण प्रयोग फसला." बक्षीस धरणाच्या प्रतिकृतीला मिळालं.

चहाच्या वेळी मास्तरांनी वसतिगृहाचं काढलं. कोंडू पायरीखाली हात झाडाच्या सावलीला धरून उभा होता, त्यानं ऐकलं.

"तीच का मघाची?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीच," हेडमास्तर म्हणाले. "हुशार आहे, पण आगाऊ. बाप म्हणतो हरकत नाही, आणि ही चार लोकांत त्याला खोटं पाडते. घरच्या माणसालाही जुमानत नाही."

"मग अवघड आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटलं असावं. "वसतिगृहात शिस्त पहिली. पुढच्या वर्षी बघू."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. कोंडूला त्या घडीला हाताची आगसुद्धा कळेनाशी झाली. पोर खरं बोलली होती. बाप खोटं बोलला होता. आणि खोटं बोलणारा चांगला ठरला, खरं बोलणारी आगाऊ ठरली. पायरी चढून वर जावं आणि सांगावं, साहेब, पोर बरोबर हुती, मीच खोटं बोललो. दहा पावलांची वाट. तो तिथंच उभा राहिला. मग मोटार निघून गेली.

रविवारी घर निघालं. पुतळाबाईनं कोंडूच्या हाताला कोरफडीचा गर लावून फडकं बांधलं होतं. ती नवऱ्याला काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं कोंडूला जास्त लागलं. वाटेवर मळवलीच्या फाटकापाशी नूरमहंमद मास्तर उभे होते. सुटीच्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांनी बायाच्या हातात तिची वही आणि विज्ञानाचं पुस्तक ठेवलं.

"आकडे सगळे बरोबर आहेत," ते तिला म्हणाले. मग कोंडूकडं बघून म्हणाले, "तुम्ही नाही म्हणायला हवं होतं, कोंडूभाऊ."

"तुमी शिकल्यालं, मास्तर," कोंडू म्हणाला.

गाडी येऊन गेली, फाटक उघडलं, आणि ही मंडळी रूळ ओलांडून पवनेकडं चालू लागली.

हौशीरामनं जागा दुसऱ्याला दिली नव्हती, पण सगळ्यात कातळाची उरली होती ती दिली. कोंडू एका हातानं कुऱ्हाड चालवायचा, पुतळाबाई दोन्ही हातांनी. बाया पाला ओढायची, माती भिजवायची, घमेली वाहायची. तिचे पाय दहा दिवसांत भेगाळले. वही-पुस्तक टोपलीत तळाशी होतं. ती कुरकुरली असती तर बरं झालं असतं. सांगेल ते करायची, विचारलं तर हूं म्हणायची, आणि बापाकडं मात्र बघायची नाही.

पौषात मोठी भट्टी बंद केली. तिसऱ्या दिवशी दुपारी हौशीराम मुकादम टेकाड चढून आला. अंगात खाकी शर्ट, हातात काठी, मागं दोन हमाल पोती घेऊन.

"उगड रं, कोंड्या. खालती ट्रक हुबा हाय."

कोंडूनं भट्टीवर डावा तळहात टेकला. उजव्याची कातडी अजून नवी, गुलाबी होती. तिला काही कळत नव्हतं. "न्हाई उगडायची," तो म्हणाला. "निजली न्हाई."

"तुला इचारलं न्हाई म्या. धनी सोता आलाय ट्रकासंगं."

"धनी येऊ दे, न्हाईतर धन्याचा बाप येऊ दे." कोंडू फावडं घेऊन भट्टीपुढं आडवा उभा राहिला. "परवा दुपारपातूर कुनाचं फावडं लागाय न्हाई द्याचा. माल जळंल समदा."

"लय शाना झालास? फुडल्या साली जागा न्हाई मिळायची."

"नको दिऊ. हात लावू नको."

हौशीरामनं काठी भुईवर आपटली. मग हमालांना शिवी देऊन टेकाड उतरून गेला. खाली ट्रक रिकामाच सुरू झाला आणि धुरळा उडवत गेला. पुतळाबाईनं कंबरेवर हात ठेवून नवऱ्याकडं बघितलं, कितीतरी दिवसांनी. "असं पायजे," ती म्हणाली.

बाया मातीचं घमेलं घेऊन मागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं घमेलं रिकामं केलं, भट्टीच्या पाठीवर हात टेकला, सवयीनं, आणि उचलला.

"हितं बोललास," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मंग तितं का न्हाई बोललास, बा?"

कोंडूच्या तोंडाशी आलं, तितं मोठी मानसं हुती. पण इथला धनीही मोठाच होता. आता काय सांगणार, की कोळशासाठी तोंड उघडलं, तुझ्यासाठी नाही उघडलं? तो फावड्याचं लोखंड धरून उभा राहिला.

बाया थांबली. पारा थांबायची वाट बघताना थांबायची, तेवढीच. मग रिकामं घमेलं उचलून ती माती आणायला ओढ्याकडं गेली.